विणेचं पोट

ताणलेल्या तारेला स्वतःचा म्हणावा असा आवाज जवळपास नसतोच. लाकडाच्या ओंडक्यात दोन खिळे ठोका, त्यांच्यात तार आवळा आणि छेडून बघा. हातभरावर बसलेल्या माणसालाही ती धड ऐकू जाणार नाही. तार बारीक असते. ती हलली तरी हवा तिच्या दोन्ही अंगांनी निसटून जाते. तीच तार घोडीवरून भोपळ्याच्या तबलीवर, म्हणजे त्यावर बसवलेल्या पातळ फळीवर, आणली की आवाज मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो. हे मी शाळेत मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं. पण त्यातून पुढे जो प्रश्न निघतो तो विज्ञानाच्या पुस्तकात नव्हता. मग आवाज कुणाचा, तारेचा की पोटाचा? हाच प्रश्न माणसाला लावला की तो धर्माचा होतो. आपल्यात जे बोलतं ते या देहाचंच आहे, की देह नुसता निमित्त आहे?

मी हिवरे बाजारचा. भजनात वीणा माझ्याकडे असते. आमची वारकऱ्यांची वीणा म्हणजे गळ्यात अडकवून उभ्यानं छेडता येईल असा लहान तंबोराच. अखंड हरिनाम सप्ताहात ती सात दिवस खाली टेकवायची नसते. पहारा संपला की विणेकरी ती पुढच्याच्या गळ्यात घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि तार चालू राहते. रात्री दोन-तीनच्या पहाऱ्याला टाळ थांबलेले असतात, मंडपात फार तर एखादा म्हातारा घोंगडी पांघरून बसलेला असतो. दांडी कानाशी टेकलेली असते. त्या वेळी विणेचा आवाज बाहेरून येत नाही, कवटीच्या हाडातून येतो. जवारी किती खुली आहे, तिच्यासाठी तारेखाली घातलेला दोरा किंचित सरकला आहे का, सगळं कळतं. समोरच्या म्हाताऱ्याला यातलं काहीच ऐकू येत नाही. त्याला ऐकू येतं ते भोपळ्यातून आणि तबलीवरून जेवढं बाहेर पडतं तेवढंच. एकाच विणेचे हे दोन आवाज मी अनेक वर्षं ऐकत आलो, पण त्यांतला फरक किती मोलाचा आहे हे मला नातीच्या गिटारीमुळे उमगलं.

नात पुण्यात शिकते आणि गिटार वाजवते. उन्हाळ्यात ती दोन गिटारी घेऊन गावी आली. एक तिची, एक मैत्रिणीची. दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींवर एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या नव्या तारा चढवल्या होत्या, आणि दोन्हींत तारेची बोलती लांबी सारखीच, साडेपंचवीस इंचाला थोडी कमी. म्हणजे तार तीच. फरक होता तो अंगाचा. एकीला ती मंडळी ड्रेडनॉट किंवा नुसतं ‘डी’ म्हणतात. रुंद खांदे, कंबर जवळजवळ नाहीच, खालचा घेर चाळीस सेंटिमीटरच्या आसपास, पोट खोल. दुसरी ओएम. तिचा घेर जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरनं कमी, पण कंबर आवळलेली आणि पोट बोटभर उथळ.

“आबा, डोळे मिटा आणि कोणती कोणती ते सांगा,” ती म्हणाली.

ओळखणं अवघड नव्हतं. डीचा खर्ज छातीवर येऊन आदळत होता. सहाही तारा एकदम छेडल्या की आवाज भिंतीसारखा उभा राहायचा, पण त्या भिंतीत एकेक स्वर वेगळा काढता येत नव्हता. ओएमचा खर्ज कमी, पण प्रत्येक तार आपल्या जागी, मधले स्वर स्पष्ट, बोटानं छेडलं की शब्द उच्चारल्यासारखा स्वर बाहेर यायचा. मग तिनं मला एक गोष्ट करायला लावली. ती डी वाजवत असताना मी मधल्या गोल भोकावर तळहात अलगद धरला. तळहाताला हवा लागत होती, आत-बाहेर, आत-बाहेर. भोक पुरतं झाकलं तेव्हा खर्जातलं सगळं बळ गेलं, गिटार एकदम किरटी झाली. पोटातली हवा स्वतः कापत असते. पोकळी मोठी असेल तर ती हवा खालच्या स्वरांना साथ देते, लहान असेल तर वरच्या. घेर आणि खोली यांतला एवढासा फरक, आणि एकाच तारेचे दोन स्वभाव होतात.

डीचा इतिहासही तिनंच सांगितला. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिननं 1833 साली न्यूयॉर्कमध्ये दुकान काढलं. पुढे ते पेनसिल्व्हेनियात नाझरेथला गेलं. त्याच घराण्याच्या कारखान्यानं 1916 मध्ये बोस्टनच्या एका दुकानासाठी हा मोठा आकार बनवला आणि त्याला ब्रिटिशांच्या अवाढव्य युद्धनौकेचं नाव दिलं. कारखान्याच्या स्वतःच्या नावानं तो 1931 पासून निघू लागला. गाणाऱ्यांच्या मागे दणदणीत साथ हवी होती, म्हणून हा आकार जगभर पसरला. आज कुणी गिटार म्हटलं की डोळ्यांसमोर हाच आकार येतो. मला यात धोका दिसतो. एक आकार इतका सर्वमान्य झाला की बाकीचे आकार त्याचे कमी-जास्त उतारे वाटू लागतात. माणसांच्या बाबतीत, पंथांच्या बाबतीतही हेच घडतं.

पण आकारापेक्षाही मला विचारात पाडलं ते स्पेनच्या एका सुताराच्या कामानं. आंतोनियो दे तोरेस, अल्मेरियाचा. आजच्या शास्त्रीय गिटारीचा साचा त्याच्याच हातचा. लोक म्हणत, उंची लाकडाशिवाय आवाज नाही. तोरेसनं 1862 मध्ये एक गिटार केली: पुढची फळी चांगल्या स्प्रूसची, पाठ आणि कडा मात्र पुठ्ठ्याच्या, कागदाच्या लगद्याच्या. आवाज पुढच्या फळीत असतो, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. दीडशे वर्षांनी, 2018 मध्ये, इंग्लंडमधल्या संशोधकांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीनं तपासला. सहा गिटारी, सगळं सारखं, फक्त पाठीचं आणि कडांचं लाकूड वेगळं. 52 वादकांना कोणती कोणती ते दिसू न देता वाजवायला दिल्या. महाग आणि स्वस्त लाकडाच्या आवाजात त्यांना मोठा फरक सांगता आला नाही.

नातीच्या गिटारींची पुढची फळी असते जेमतेम तीन मिलिमीटरची. सहा तारांचा मिळून सुमारे सत्तर किलोंचा ताण ती सोसते. जाड केली तर वर्षानुवर्षं टिकेल, पण बोलणार नाही. पातळ केली तर सुंदर बोलेल आणि एक दिवस घोडीशी फुगेल, तडकेल. चांगला कारागीर तिला मोडण्याच्या अगदी अलीकडे आणून थांबतो. मिरजेचे तंबोरे करणारेही तबलीच्या बाबतीत हेच करतात. शस्त्रं घडवणाऱ्या घराण्यातले फरीदसाहेब तिथे एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याकडे वळले आणि तिथलं ते काम अजून चालू आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांचे भोपळे येतात पंढरपूरच्या परिसरातून, भीमेच्या काठच्या मळ्यांतून. ज्या पंढरीला आम्ही वीणा घेऊन जातो, तिथल्याच मातीत विणेचं पोट वाढतं, हे मला फार आवडतं.

आता मूळ प्रश्न. पोट आवाज निर्माण करतं का? नाही. शक्तीचा एक कणही ते आपल्या पदरचा घालत नाही. जे काही बळ आहे ते बोटानं तारेला दिलेलं. पोट फक्त ते बळ हवेला देऊन टाकतं. आणि म्हणूनच एक गोष्ट घडते जी मुलांना सांगितली की ती चकित व्हायची: जे वाद्य मोठ्यानं बोलतं त्याची तार लवकर विझते. भरीव लाकडाच्या विजेच्या गिटारीवर तार कितीतरी वेळ कापत राहते, कारण तिचं बळ कुणी घेऊन जात नाही. यंत्र लावलं नाही तर ती जवळजवळ मुकी असते, आणि मुकी असते म्हणून टिकते. पोकळ अंगाचं वाद्य देतं आणि देण्यात लवकर संपतं.

हे ध्यानात आल्यावर मी जुन्या वादांकडे पुन्हा गेलो. ग्रीकांमध्ये सॉक्रेटिसच्या शेवटच्या दिवसाचा संवाद प्लेटोनं लिहिला आहे. त्यात सिमियास नावाचा तरुण विचारतो की आत्मा हा वाद्याच्या सुरावटीसारखा असेल, तर वाद्य मोडल्यावर सुरावट कुठे उरते? लाकूड आणि तारा तरी काही दिवस पडून राहतात, सूर तर आधीच जातो. सॉक्रेटिस उत्तर देतो की सूर वाद्याच्या आज्ञेत असतो, आत्मा मात्र भुकेल्या देहालाही ‘थांब’ म्हणू शकतो. उत्तर चांगलं आहे, पण मला सिमियासचा प्रश्न अधिक खोल वाटतो. आपल्याकडे चार्वाकांनीही तेच म्हटलं: द्रव्यं एकत्र आली की मद चढतो, तसं चैतन्य चढतं. यांना नास्तिक म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. पण ते म्हणतात त्यातला अर्धा भाग कुणाही विणेकऱ्याला मान्य करावा लागतो. भोपळ्याला चीर गेली की नाद बदलतो. माझ्या छातीत कफ झाला की अभंगही बदलतो.

उपनिषदकारांनी वाद्याला इतकं हलकं मानलेलं नाही. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला समजावताना दुंदुभी, शंख आणि वीणा यांचा दाखला देतो. बाहेर पडलेले ध्वनी पकडता येत नाहीत. वाद्य पकडलं, किंवा वाजवणारा पकडला, तर ध्वनी हाती आला. या ‘किंवा’पाशी मी पुष्कळ थांबलो आहे. वाजवणाराच पकडा असं तो म्हणू शकला असता. त्यानं वाद्यालाही मार्ग मानलं. ऐतरेय आरण्यक तर याच्या पुढे जातं. तिथे मनुष्यदेह हीच दैवी वीणा आहे आणि लाकडाची वीणा तिची नक्कल. पोटाच्या जागी पोकळी, जिभेच्या जागी नखी, असं एकेक अंग जुळवून दाखवलं आहे.

आणि आपल्या मातीतलं उदाहरण शारंगदेवाचं. तेराव्या शतकात देवगिरीला यादवराजा सिंघणाच्या दरबारी हिशेबाचं काम पाहणाऱ्या या माणसानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. संगीताचा ग्रंथ, पण स्वरांची चर्चा सुरू करण्याआधी तो पिंडाची उत्पत्ती सांगतो: गर्भ कसा राहतो, कसा वाढतो, देहात नाड्या कशा असतात. मग म्हणतो, मंद्र हृदयात, मध्य कंठात, तार मस्तकात. नाद समजायचा तर ज्या देहातून तो येतो तो आधी समजला पाहिजे, ही त्याची शिस्त. आज एखाद्या संगीत विद्यालयानं पहिलं वर्ष शरीरशास्त्राला दिलं तर पालक तक्रार करतील. शारंगदेवाला ते अगदी स्वाभाविक वाटलं.

त्यानंतर काही दशकांनी, शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, आमच्याच जिल्ह्यात नेवाशाला प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरी सांगून झाली. इथे माझी खरी अडचण सुरू होते. सहाव्या अध्यायात योग्याच्या आतल्या नादाचं वर्णन आहे, आणि आमच्या परंपरेत अनाहताला मोठा मान आहे. न छेडता उमटणारा नाद, ज्याला तार लागत नाही, पोट लागत नाही. तोच जर श्रेष्ठ असेल तर ही वीणा, हा भोपळा, हा सात दिवसांचा पहारा कशासाठी? देह अडथळाच असेल तर त्याचे आकार आणि त्यांचे आवाज यांचा विचार करणं म्हणजे वेळ घालवणं.

याचं उत्तर मला ग्रंथात शोधावं लागलं नाही, ते पहाऱ्यावरच होतं. दांडीला कान लावलेल्या मला पोटाची गरज नाही. हाडातून सगळं ऐकू येतं. पोटाची गरज आहे घोंगडीतल्या त्या म्हाताऱ्याला. अनाहत खरा असेल, योग्याला ऐकू येत असेल, मी नाकारत नाही. पण तो ज्याचा त्याला. ज्ञानदेव समाधीचा अधिकारी होता, तरी त्यानं नऊ हजार ओव्या बोलून दाखवल्या, मराठीत बोलून दाखवल्या. ‘अमृतानुभवा’त त्यानं जगाला भ्रम म्हणून झटकलं नाही, चैतन्याचा विलास म्हटलं. वारकऱ्यांनी गुहा निवडली नाही, वाळवंट निवडलं आणि तिथे मोठ्यानं नाम घेतलं. मोठ्यानं घ्यायचं तर देह लागतो. स्वतःपुरतं ऐकायला तो लागत नसेलही. दुसऱ्यापर्यंत पोचायला मात्र देहावाचून दुसरी वाट नाही. माझी श्रद्धा इथे येऊन टेकते: देह आत्म्याला झाकायला दिलेला नाही, दुसऱ्याला ऐकू जावं म्हणून दिलेला आहे. आणि देताना तो झिजतो, लवकर विझतो, हाही त्याच कराराचा भाग आहे.

मग आकार? आत्मा एक आणि देह अनेक, तर हे अनेकपण कमीपणा आहे का? या प्रश्नाचा विचार करताना मला गावच आठवतं. आमच्याकडे वर्षाला साधारण चारशे मिलिमीटर पाऊस. बहात्तरच्या दुष्काळानंतर गाव मोडलं, माणसं मजुरीला बाहेर पडली. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यावर डोंगरावर समतल चर खणले, बंधारे घातले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर नको आणि ऊस नको असं ठरवलं; किती पाऊस झाला ते मोजून कोणती पिकं घ्यायची हे ग्रामसभेत बसून ठरू लागलं. आभाळ बदललं नाही, पावसाचा थेंबही वाढला नाही. बदलली ती जमिनीची घडण. पूर्वी जे पाणी अंगावरून वाहून जायचं ते मुरायला लागलं, विहिरींना दिसायला लागलं. आणि प्रत्येक गावाला हीच घडण जमणार नाही. कोकणातल्या जांभ्याला आमचे चर चालायचे नाहीत, विदर्भाच्या काळ्या मातीला वेगळं लागेल. ज्या जमिनीला जे साधतं तेच तिथे केलं पाहिजे.

तंबोऱ्यातही तसंच. पुरुषांचा तंबोरा लांब, भोपळा मोठा, काळी एक-दोनला लावायचा. बायकांचा लहान, काळी चार-पांढरी पाचचा. मोठ्या तंबोऱ्यावर वरची पट्टी ओढली तर तारा तुटतात. लहानावर खालची लावली तर तार ढिली पडते, नुसती बडबडते. यात कुणी वरचा-खालचा नाही. एका तारेच्या वाद्यांचंच पाहा. एकतारीत तार कातड्यावरच्या घोडीवरून जाते, आवाज मऊ आणि आत वळलेला. गोंधळ्याच्या तुणतुण्यात घोडीच नसते, तार थेट बुडाच्या कातड्याला ओढते, म्हणून तो कोरडा, टोचणारा, संबळाच्या गदारोळातही वेगळा ऐकू येणारा आवाज. एकतारी घेऊन जागरण-गोंधळ घालता येणार नाही आणि तुणतुणं घेऊन काकड्याला बसता येणार नाही. दोन्ही देवाचीच कामं आहेत.

उन्हाळ्यातच एका संध्याकाळी नातीनं हरिपाठाला गिटार घेऊन बसू का म्हणून विचारलं. मंडळातल्या एका ज्येष्ठ टाळकऱ्याला ते रुचलं नाही. परकं वाद्य, ते म्हणाले, सिनेमाचं. मी त्यांचा आदर करतो, त्यांचा टाळ माझ्यापेक्षा पक्का आहे. पण पेटी तरी कुठली? युरोपातून आलेलं वाद्य. आकाशवाणीनं 1940 पासून तीस वर्षं तिला दार बंद ठेवलं, तरी भजनातून ती हलली नाही, आणि आज तिला कुणी परकी म्हणत नाही. परकेपणाचा मुद्दा मला मान्य नाही. आवाजाचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो आकाराचा आहे. म्हणून मी नातीला दोन्ही गिटारी घेऊन सरावाला बसवलं. सहाही तारा आमच्या पट्टीच्या सा आणि प वर उतरवल्या, कॉर्ड नाहीत. डी घेतली तेव्हा तिचा खर्ज पखवाजाच्या कणकेच्या अंगावर जाऊन बसला. त्या अंगाचा, म्हणजे धुमेचा, घुमारा आणि गिटारीचा घुमारा एकमेकांत कालवले, आणि त्या गढूळपणात शब्द बुडाले. ओएम घेतली तेव्हा टाळ वर, पखवाज खाली, आणि मधल्या जागेत विणेशेजारी ती बसली. शब्द कुठेही झाकला गेला नाही.

माझा निर्णय यावरून झाला आहे आणि मंडळात मी तो सांगितला आहे. हरिपाठाला डी नको. ओएम चालेल, सा-प सोडून तिनं काही वाजवू नये, आणि तिच्यासमोर माइक ठेवू नये. ज्या दिवशी तिच्यामुळे नाम कमी ऐकू येईल त्या दिवशी तीही बंद. हाच नियम मी पेटीला आणि माझ्या विणेलाही लावतो. इतर गावांच्या मंडळांना माझी विनंती आहे की नवं वाद्य आलं तर ते कुठून आलं हे विचारत बसू नका. विणेकऱ्याचा निकाल घेऊ नका, त्याच्या कानाशी दांडी असते. मंडपाच्या अगदी मागे जो बसला असेल त्याच्यापाशी जाऊन बसा आणि शब्द कळतो का ते त्याला विचारा.